वायर धरणारी मुलगी

संध्याने कॉम्प्युटरच्या डीव्हीडी रायटरचा कप्पा बोटाने आत ढकलला. तो आत गेला, थोडा घुरघुरला आणि डिस्क घेऊन पुन्हा बाहेर आला.

"हळू ढकला, काकू," आकांक्षा म्हणाली. "जुना झाला न तो. हं, आता घेतली त्यानं."

कॉम्प्युटर पुढच्या खोलीत, शिलाई मशीन हलवून रिकाम्या केलेल्या टेबलावर ठेवला होता. मूर्तिजापूरच्या स्टेशन रोडवरचा स्टुडिओ बंद करून जागा मालकाला परत दिली, तेव्हा कॅमेरे, दिवे, पडदे सगळं कोणी कोणी घेऊन गेलं. हा डबा मात्र संध्याने घरी आणला. त्यात तिच्या नवऱ्याने, सुगतने, आयुष्यभर कॅमेऱ्यात घेतलेली लग्नं होती. डब्याच्या आतून मधूनमधून टकटक आवाज येत होता, दाराबाहेर कोणी नखाने वाजवावं तसा.

"हार्डडिस्क चालली," आकांक्षा म्हणाली. ती अकोल्याला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती, रोज गाडीने जा-ये करायची आणि दोन घरं सोडून राहायची. तिला रविवारचीच सुट्टी. "हे आता फार दिवस नाही काढत. पेनड्राइव्हवर घेऊन टाकू न सगळं. डिस्क कोण वापरते आता?"

"डिस्कवर एकदा लिहिलं की कोणाले पुसता येत नाही. हे म्हणत होते."

संध्याने हनुवटीने खाटेकडे खूण केली. सुगत उशीला टेकून बसला होता. मागच्या उन्हाळ्यात लकव्याने त्याची उजवी बाजू आणि वाचा एकदमच गेली. समजत सगळं होतं. डोळे आधीसारखेच होते, एखादी गोष्ट चौकटीत बसते की नाही हे पाहणारे.

"बरं," आकांक्षा खुर्ची पुढे ओढत म्हणाली. "काकांचं जुनं सॉफ्टवेअर काही या विंडोजवर चालत नाही. म्या दोन आणले. हे एक, याच्यानं टीव्हीवर लागणारी डीव्हीडी तयार होते. सुरुवातीले नावं येतात, फुलांची चौकट येते, गाणं वाजते. आपण फक्त फोल्डर दाखवायचं. आणि हे दुसरं साधं. फाइल जशी असन तशीच्या तशी डिस्कवर लिहिते. दिसाले काही नाही त्यात."

संध्याने दोन्ही पाहिली. पहिल्याच्या पडद्यावर झेंडूच्या माळा होत्या. दुसऱ्याच्या पडद्यावर एक पांढरी रिकामी जागा आणि एक बटण. लोक अजून येत होते. कोणाची सीडी उंदराने कुरतडलेली, कोणाची पोरांनी फोडलेली. त्यांना टीव्हीवर लागणारी डिस्क हवी असायची.

"फुलंवालंच कर," ती म्हणाली.

खाटेवर थाप पडली. सुगतचा डावा हात.

"पाणी पायजे?" संध्याने विचारलं. त्याने मान हलवली नाही. तिने तरी पाणी दिलं. त्याने दोन घोट घेतले आणि पुन्हा पडद्याकडे पाहू लागला.

पहिली डिस्क नीट झाली, दुसरीही. आकांक्षा एकेका वर्षाचं फोल्डर दाखवत गेली. संध्या तयार झालेल्या डिस्कवर मार्करने नावं लिहीत होती. हे तिचं नेहमीचं काम. स्टुडिओत सुगत आत बसून जोडकाम, म्हणजे एडिटिंग, करायचा आणि ती बाहेरच्या टेबलावर वराचं नाव, वधूचं नाव, तारीख लिहून डिस्क पाकिटात घालायची. गिऱ्हाइकाच्या हातात ती तिनेच द्यायची. आत काय आहे हे तिने कधी पाहिलं नाही. पाहायला वेळही नसायचा.

मग मशीन अडलं. पडद्याच्या मधोमध पिवळी चौकट आली.

"काय म्हणते?" संध्याने विचारलं.

"काही क्लिप फार लहान हायत म्हणते. पाच-सहा सेकंदांच्या. याच्या डीव्हीडीत त्या बसत नाहीत. वगळू का, विचारून राहिलं." आकांक्षाने माउस 'हो'वर नेला. "जोडकामातला कचरा असन काकांचा. टाकतो वगळून."

खाटेवर थाप पडली. मग दुसरी, मग तिसरी. पाण्याचा पेला स्टुलावरून खाली पडून घरंगळत गेला. सुगत उशीपासून सुटून पुढे वाकला होता आणि त्याचा डावा हात खाटेच्या लाकडावर आपटत होता. संध्याने धावत जाऊन त्याला खांद्याशी धरलं.

"थांब गं," ती आकांक्षाला म्हणाली. "दाबू नको. उघडून पाह्य काय आहे ते."

फोल्डरचं नाव एकाच अक्षराचं होतं. ख. आकांक्षाने त्यातली पहिली फाइल उघडली.

मांडव होता. दिव्याच्या झोतात बायका हळद लावत होत्या. डावीकडून एक मुलगी चौकटीत आली. निळा फ्रॉक, एका वेणीची रिबीन सुटलेली. खांद्यावर दिव्याच्या वायरचं वेटोळं. वाकून, कोणाच्या मध्ये येऊ नये अशी पावलं टाकत ती समोरून गेली आणि उजवीकडून निघून गेली. क्लिप संपली.

"कोण आहे ही?" आकांक्षाने विचारलं. ती या गल्लीत चार वर्षांपूर्वी राहायला आली होती.

संध्याचे हात अजून सुगतच्या खांद्यावर होते. तिने ते काढून घेतले.

"आमची खेमा," ती म्हणाली.

आकांक्षाने माउस सोडला. ती उठली, पेला उचलून ठेवला, सांडलेलं पाणी पुसलं आणि दोन्ही सॉफ्टवेअर असू देते, पुढच्या रविवारी येते, असं सांगून गेली.

त्या दिवशी संध्याने आणखी काही पाहिलं नाही. सोमवारी दुपारी सुगतला डोळा लागल्यावर ती टेबलाशी बसली.

खेमा आठ वर्षांची होती. लग्नाच्या त्या मोसमात तिला वडिलांबरोबर लग्नाला जायचं वेड लागलं होतं. दिव्याची लांब वायर लोकांच्या पायात येऊ नये म्हणून कोणीतरी धरून चालावं लागतं. ते काम तिने स्वतःकडे घेतलं होतं. श्रावणात तिला ताप आला. अमरावतीला नेलं. तिथून परत आणली ती गाडीत, संध्याच्या मांडीवर. नंतर सुगतने भिंतीवरचा तिचा फोटो उतरवला आणि कुठे ठेवला ते कधी सांगितलं नाही. पुढच्याच महिन्यात तो पुन्हा कॅमेरा घेऊन बाहेर पडला. घरात तिचं नाव काढलं की तो उठून जायचा. हळूहळू संध्याही काढेनाशी झाली. या माणसाने आपल्या लेकीला विसरून दाखवलं, असं तिला वाटायचं. त्या वाटण्यासोबत ती बारा वर्षं जगली होती.

ख-मध्ये चाळीसेक फाइली होत्या. सगळ्या त्याच मोसमातल्या. प्रत्येकीत खेमा एकीकडून यायची आणि दुसरीकडून जायची. एकीत ती थांबून अक्षता हातात घ्यायची. एकीत चौकटीच्या कडेला तिचा नुसता हात होता आणि वायर. एकीत तिचा आवाज होता: "बाबा, पुरत नाही वो, ओढू का?" आणि कॅमेऱ्यामागून सुगतचा, तेव्हाचा भरदार: "हळू ओढ."

संध्याने ती एक पुन्हा लावली नाही. पण संध्याकाळी पीठ मळताना तिला मागून ऐकू आलं, पुरत नाही वो. तिने वळून पाहिलं. नंतर ती दाराच्या उजव्या अंगाला पाहू लागली, प्रत्येक दाराच्या. आत्ताच कोणीतरी तिथून गेलं असावं आणि आपल्याला क्षणभर उशीर झाला असावा, असं होऊ लागलं.

बुधवारी तिच्या मनात शंका आली. प्रत्येक तुकडा खेमा येण्याच्या जरासा आधी सुरू होत होता आणि ती गेल्याबरोबर तुटत होता. तिने पहिल्या तुकड्यातली हळद ज्या लग्नातली होती ते लग्न शोधून काढलं, गिऱ्हाइकाला दिलेलं, पूर्ण जोडलेलं. ते लावून ती त्या जागेपर्यंत गेली. बायका हळद लावत होत्या. एकीने हात वर उचलला. आणि पुढच्याच क्षणी तो हात खाली होता, बाई दुसरीकडे पाहत होती. मधलं काही नव्हतं. गाणं अखंड वाजत होतं.

तिने दुसरं लग्न पाहिलं. तिसरं पाहिलं. खेमा कशातच नव्हती.

मूळ चित्रण सुगत कधी ठेवत नसे. मशीनमध्ये जागा व्हावी म्हणून मोसमाचं सगळं काम देऊन झालं की मूळ पुसायचं, ही त्याची रीत होती. म्हणजे उरलं होतं ते एवढंच. लोकांच्या घरी गेलेली लग्नं, ज्यांत ती नव्हती; आणि हे फोल्डर, ज्यात तिच्याशिवाय काही नव्हतं. आणि त्या लग्नांवर नावं लिहून ती तिने स्वतःच्या हाताने वाटली होती.

ती खाटेपाशी जाऊन उभी राहिली. सुगत जागा होता.

"तुमीच काढलं तिले?"

त्याने भिंतीकडे पाहिलं.

"आपल्या घरात शकुन-अपशकुन कोणी मानलं नाही कधी. मंग कावून काढलं? आपल्याच लेकराले?"

त्याचे ओठ हलले. त्यातून नुसती हवा आली. संध्या वाट पाहत उभी राहिली. बोलू न शकणाऱ्या माणसाची वाट पाहतोय हे कळूनही ती हलली नाही. शेवटी तिने त्याची चादर ओढून सारखी केली, गरजेपेक्षा जास्त जोराने, आणि आत गेली. त्या रात्रीचा आणि दुसऱ्या दिवशीचा घास तिने त्याला एका शब्दाविना भरवला. तोंड पुसताना त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही.

शुक्रवारी सकाळी माणिकबाई आल्या. कुरूमच्या बाजूच्या खेड्यातून एसटीने. स्टुडिओला कुलूप पाहून विचारत विचारत घर शोधलं होतं. साठी ओलांडलेली, उंच, उन्हाने रापलेली बाई. पिशवीत जुनी डिस्क होती, पाकिटावर संध्याचं अक्षर: किशोर आणि जयवंता.

"बंद करून टाकलं म्हणे तुमी," त्या खाली बसत म्हणाल्या. सुगतकडे पाहून त्यांनी जीभ टाळूला लावून हळहळ केली. "काय दशा झाली वो या माणसाची. लय भला माणूस."

संध्याने पाणी आणलं.

"आमचे मालक गेले गेल्या साली. महादेवराव," माणिकबाई म्हणाल्या. "फोटो आहेत, पण फोटोत सारे सारखेच. उभा राह्य म्हटलं की उभा राह्यते माणूस. तर मी म्हटलं, किशोरच्या लग्नात पाह्यतो त्याइले. आमचा माणूस जन्मात कधी नाचला नाही, बाई. हसणंही दोन-चार वेळा पाह्यलं असन म्या. पण पोराच्या वरातीत नाचला. माह्या डोळ्यानं पाह्यलं. तुमच्या भाऊनं कॅमेरा तिकडंच धरला होता, तेही पाह्यलं. पण सीडीत नाही ते. चारदा लावून पाह्यली. वरात येते अन् मधलंच कुठं गेलं काय माहीत. तुमच्या मशीनमधी असन म्हणून आली."

"काही काही भाग काढलेला असते," संध्या म्हणाली. स्वतःचा आवाज तिला लांबून ऐकू आला.

"काढलेला असन बापा." माणिकबाईंना एकदम आठवलं. "अवं हो, पयली सीडी तुमी देली होती, ते म्याच वापस आणली होती. सून पोटुशी होती तवा. अन् तुमचं लेकरू गेल्याचं समजलं होतं. ते सीडीत दिसे इकडून तिकडं जाताना. मी भाऊले म्हटलं, पोटुशी पोरगी घरात आहे, एवढं काढून देता आलं त पाहा. एका शब्दानं बोलला नाही बिचारा. आठवड्यात दुसरी आणून देली घरी. म्हणून म्हणतो, भला माणूस."

बाहेर कोणाची तरी मोटरसायकल सुरू होत नव्हती. संध्या ती ऐकत राहिली. मग तिने खाटेकडे पाहिलं. सुगतने डोळे मिटले होते. झोपलेल्या माणसाचे मिटलेले नव्हते ते.

एकीने सांगितलं होतं. बाकीच्यांच्या डिस्क अजून द्यायच्या होत्या; त्यांनी सांगण्याची त्याने वाट पाहिली नव्हती. कोणी पाकीट घेऊन परत यावं, बाहेरच्या टेबलावर संध्यासमोर उभं राहावं आणि तेच बोलावं, त्याआधी त्याने एकेका लग्नातून तिला उचलून आपल्यापाशी आणून ठेवलं होतं.

संध्या उठली आणि टेबलाशी बसली. ख उघडलं. माणिकबाई पदर सावरत तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. एकेक फाइल लागत होती. हळद, मांडव, जेवणावळ. निळा फ्रॉक कितव्यांदा तरी आला तेव्हा माणिकबाई हळूच म्हणाल्या,

"हेच का वो लेकरू?"

"हो."

शेवटाकडे वरात आली. बँड, धूळ, दिव्यांचा उजेड. वायर कोणाच्या तरी पायात गुंतली होती आणि खेमा ती ओढत होती. फेटा बांधलेला एक म्हातारा गर्दीतून पुढे झाला, त्याने वायर सोडवून डोक्याच्या वर उचलली आणि तशीच धरून, दोन्ही हात वर, ठेक्यावर पाय टाकू लागला. वायरीच्या दुसऱ्या टोकाला खेमा. ती आधी बावरली. मग हसायला लागली, आणि तिचं पाहून तो हसायला लागला, सगळे दात दाखवून. लोक बाजूला झाले. क्लिप संपली.

माणिकबाई थिजलेल्या पडद्याजवळ वाकल्या.

"मालकच आहेत," त्या म्हणाल्या. आणि मग, खालच्या आवाजात, "नातू घरात आहे माह्या... याच्यातलं एकट्याले काढून देता येते का वो?"

"नाही," संध्या म्हणाली. "दोघं संगंच आहेत."

माणिकबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "आणखी एकदा लावा."

संध्याने लावली. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा माणिकबाईंनी पडद्याकडे बोट नेलं, म्हाताऱ्याकडे नेलं असं वाटलं, पण ते वायरीवरून सरकत दुसऱ्या टोकापर्यंत गेलं.

"नाव काय हिचं?"

"खेमा."

"असंच द्या मंग," माणिकबाई म्हणाल्या. "आहे तसं."

संध्याने फुलांचं सॉफ्टवेअर उघडलंच नाही. दुसरं उघडलं. पांढऱ्या रिकाम्या जागेत तिने आधी किशोरचं लग्न नेऊन टाकलं आणि त्याच्या खाली ती क्लिप. "टीव्हीवर कदाचित लागणार नाही," ती म्हणाली. "कॉम्प्युटरवर लागन."

"नातवाच्या शाळेत आहे," माणिकबाई म्हणाल्या. "तो दाखवन."

सॉफ्टवेअरने इंग्रजीत काही विचारलं. संध्याने सावकाश वाचलं. डिस्क उघडी ठेवायची की बंद करायची. बंद केली तर पुन्हा तिच्यात काही घालता येणार नाही. काढण्याबद्दल त्यात काही लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं काढता येतच नव्हतं. तिने बंदवर टिचकी मारली. रायटर घुमू लागला. लिहून झाल्यावर त्याने लिहिलेलं सगळं पुन्हा वाचून पाहिलं आणि बरोबर आहे म्हणून सांगितलं. तिने दुसरी रिकामी डिस्क घातली आणि ख-चं अख्खं फोल्डर तिच्यावर टाकलं. ते लिहिलं जात असताना डब्यातून टकटक येत राहिली, पण फोल्डर पूर्ण लिहून होईपर्यंत मशीन थांबलं नाही.

माणिकबाई डिस्क पिशवीत ठेवून उठल्या. ओट्यावर आल्या, चपलेत पाय घातले आणि तशाच थांबल्या. एसटीला वेळ होता.

"काय झालं होतं वो तिले?" त्यांनी विचारलं.

संध्याला हे कोणी कित्येक वर्षांत विचारलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी विचारत नव्हतं. ती ओट्याच्या कडेला बसली. माणिकबाईंनी चपला काढल्या आणि त्याही बसल्या.

"श्रावण होता," संध्या म्हणाली. "शाळेतून आली ते अंग गरम. मले वाटलं, पावसात भिजली असन..."

आत काहीतरी घासल्याचा आवाज झाला. खाटेचा पाय फरशीवर सरकल्यासारखा. संध्या उठून दारात गेली. सुगतने डाव्या हाताने उजवा पाय उचलून खाटेखाली सोडला होता. दुसराही सोडला होता. तो खाटेच्या कडेला बसला होता, कधीही कोसळेल असा, आणि दाराकडे पाहत होता. लकवा झाल्यापासून त्याने उंबऱ्याबाहेर यायला नकार दिला होता.

"माणिकबाई, जरा हात लावता?" संध्या म्हणाली.

एकीने एका काखेत हात घातला, दुसरीने दुसऱ्या. तिघं खोलीतून दारापर्यंत आले. उंबऱ्याशी त्याचा पाय अडला, तो संध्याने वाकून उचलून बाहेर ठेवला. ओट्यावरच्या खुर्चीत त्याला बसवलं, पाठीला उशी दिली. उन्हाने त्याचे डोळे बारीक झाले. त्याचा डावा हात मांडीवर उघडा होता. संध्या त्याच्या पायाशी बसली आणि तो हात तिने आपल्या खांद्यावर ठेवला.

मग तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.